मागचा खांदा

मच्छिंद्र गुरुजींना त्या सहलीतून काय काय मिळायचं होतं ते आधी मांडून घेऊ, म्हणजे पुढं कुणावर अन्याय नको.

एक तर सहलीचा अहवाल तालुक्याच्या शिक्षकसभेत वाचायला मिळणार होता, आणि गुरुजींना वाचून दाखवायला फार आवडायचं. दुसरं म्हणजे शिक्षण खात्याचे मोठे साहेब सहलीच्याच दिवशी सहलीच्या ठिकाणी यायचे होते. त्यांच्यापुढं मुलं स्वागतगीत म्हणणार होती आणि ते गीत गुरुजींनी स्वतः रचलेलं होतं. साहेबांच्या मनात गीत भरलं, तर त्या बोडक्या डोंगराखालच्या शाळेतून खर्ड्याला बदली व्हायला वेळ लागणार नाही, असं एका अनुभवी माणसानं त्यांना सांगितलं होतं. खर्डा म्हणजे बायकोचं माहेर. तिचं माहेर जवळ आलं, की गुरुजींच्या घरात शांतता येणार होती. आणि शेवटची एक गोष्ट, जी गुरुजी कुणापुढं बोलले नाहीत, पण त्यांच्या जमेला धरलीच पाहिजे: शाळेतली पोरं एक दिवस पोटभर जेवणार होती.

साल दुष्काळाचं होतं. त्र्याहत्तरचा जानेवारी. आयाबाप दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे, पोरं शाळेत वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या आशेनं बसायची. अशा दिवसांत नगरच्या आप्पासाहेबांनी शाळाशाळांना निरोप धाडला, की आमचं जुन्या वाहनांचं संग्रहालय बघायला मुलं आणा, न्यायला-आणायला आमची मालमोटार येईल आणि दुपारी गुळाची लापशी मिळेल. लापशीचं नाव निघाल्यावर जिल्ह्यातल्या शाळांना इतिहासाची एकदम गोडी लागली.

आप्पासाहेबांचं म्हणाल, तर त्यांच्या एकेकाळी स्वतःच्या प्रवासी मोटारी होत्या. पुढं सरकारनं एस.टी. काढली, मोटारी गेल्या आणि शहराबाहेरचं लांबरुंद गॅरेज तेवढं राहिलं. मालमोटारींचा धंदा जोरात होता, दुष्काळी कामांमुळं तर जास्तच. पण मालमोटारवाल्याला लोक 'शेठ' म्हणतात आणि आप्पासाहेबांना आणखी काही म्हणवून घ्यायचं होतं. म्हणून त्यांनी गॅरेजात एक बैलांची दमणी आणून ठेवली, एक टांगा ठेवला, कुणा सरदाराची बग्गी आणली, आणि लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालवलेली आपली पहिली मोटार धुऊनपुसून मध्यभागी उभी केली. पाटी लावली. उद्घाटन झालं. पण पोरं आली की मोटारीच्या चाकाला एकदा हात लावायची आणि विचारायची, "लापशी कधी?"

त्यांना रमवलं ते फक्त डोलीनं, कारण सगळ्या गॅरेजात चालती वस्तू तेवढी एकच होती.

डोली नेवाशाकडच्या दोन भावांची. छगन आणि आसाराम. जातीनं भोई, प्रवरेच्या काठचे. मोटारी आल्या नव्हत्या तेव्हा पावसाळ्यात चिखलाच्या वाटांनी नवरी न्यायची, बाळंतीण न्यायची, तर ह्यांच्याच बापाच्या खांद्यावरून. पुढं डोलीचं काम सरलं, मासे राहिले. त्या साली नदीच आटली आणि मासेही गेले. आप्पासाहेब डोली विकत घ्यायला आले तेव्हा छगन म्हणाला, "मालक, भोई नसलं तर ही निस्ती बाज हाय दांडीला टांगल्याली. आमाला बी संगं घ्या."

आप्पासाहेबांना ते पटलं. "पण माणसं धडधाकट पाहिजेत. पोरं बसणार आहेत आत."

"दादा माझ्यापरीस दांडगा हाय," छगन म्हणाला.

ते अगदी खरं होतं. आसारामचे खांदे बैलाच्या वशिंडासारखे होते आणि पाय खांबासारखे. डोळ्यांचं आप्पासाहेबांनी काही विचारलं नाही, म्हणून छगननं काही सांगितलं नाही.

आसारामला दिसत नव्हतं. बुबुळं स्वच्छ होती, बघणाऱ्याला वाटावं हा आपल्याकडंच बघतोय. पण गेल्या काही वर्षांत आतला दिवा मंद होत होत विझला होता. घरच्यांशिवाय हे फक्त एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, ते म्हणजे रस्त्याच्या कामावरचा मुकादम. त्याच्याकडं आसारामनं खडी फोडायला बसून पाहिलं होतं. हातोडा दगडाऐवजी अंगठ्यावर बसला आणि मुकादमानं त्याला कामावरून उठवलं. "घरी बस बाबा, तुझं रगत सरकारच्या रस्त्याला नगं," म्हणाला. त्या साली घरी बसणं म्हणजे दुसऱ्याच्या भाकरीतली अर्धी खाणं. आणि दुसरा म्हणजे छगन, ज्याची स्वतःची पोरं होती.

पण डोलीचं गणित वेगळं. पुढच्या भोयाला वाट दिसते, मागच्याला काहीच दिसत नाही. त्याच्या डोळ्यांपुढं डोलीचा पडदा असतो. म्हणून पुढच्यानं चालता चालता हाक द्यायची आणि मागच्यानं त्या हाकेवर पाय टाकायचा. "खडा!" म्हटलं की पाय उचलून. "उतार!" म्हटलं की टाच रोवून. "शेन!", "काटा!", "डावी घे!" मागचा भोई डोळस असला तरी त्याला आंधळ्यासारखंच चालावं लागतं. तेव्हा आसारामचं तिथं काहीच अडत नव्हतं. आप्पासाहेबांच्या आवारात तो दोन वेळा जेवत होता आणि भाकरी कमावून खात होता. ज्या दिवशी हे फुटेल त्या दिवशी तो पुन्हा घरी बसणार, आणि हे दोघा भावांना पक्कं माहीत होतं. पाणी प्यायला, जेवायला, झोपायला जाताना छगन नुसता त्याच्या पुढं चालायचा आणि बारीक आवाजात पुटपुटत राहायचा. लोकांना वाटायचं, धाकट्याला स्वतःशी बोलायची खोड आहे.

गुरुजींची मालमोटार सकाळी उन्हं वर आल्यावर पोचली. पोरं हौद्यातून उतरली ती धुळीनं सारखीच रंगलेली. साहेब दुपारी यायचे होते, म्हणून गुरुजींनी आधी सगळ्याची रंगीत तालीम घ्यायची ठरवली. डोलीत नवरी म्हणून बसायला मुलगी हवी होती, आणि आप्पासाहेबांची अट होती की वजनानं हलकी पाहिजे. त्या वर्षी हलकं असण्यात चुरस मोठी होती. शेवटी बद्रुन्निसा जिंकली. तिचा बाप गावात पिंजारी होता. पण गाद्या भरून घेण्याचं ते साल नव्हतं. तिच्या डोक्यावर कुणाचीतरी लाल ओढणी टाकली.

"तोंड इकडं करून बस, मागं," छगननं तिला सांगितलं. "नवरी म्हायेराकडं बघत जाती. शीव वलांडल्यावर तोंड फिरवायचं. आन् वाटंत भुईला टेकायचं न्हाई."

म्हणजे बद्रुन्निसाचं तोंड आसारामकडं झालं. पडदा पोरांना बघता यावं म्हणून वर बांधलेला होता. दांडी खांद्यावर चढली, डोली हलली आणि छगनची हाक सुरू झाली. "चल गा! खडा! दुसरा खडा! उजवी!" पोरं दोन्ही बाजूंनी पळत होती. गुरुजी आवाराच्या मधोमध उभे राहून, हात पाठीशी बांधून, वाहनांचा इतिहास सांगत होते. इतिहास सांगताना गुरुजी डोळे मिटून घेत. डोली सरळ त्यांच्यावरच आली.

"मास्तर आडवा!" छगन ओरडला. "डावी घे, मास्तर आडवा!"

डोली गुरुजींच्या कोपराला वारा लावून निघून गेली. पोरांची हसून मुरकुंडी वळली. मालमोटारीत पहाटेपासून उपाशी उभ्या राहिलेल्या पोरांना कधी नव्हे तो एवढा आनंद झाला, आणि ती डोलीमागं गाणं म्हणत सुटली: "मास्तर आडवा! मास्तर आडवा!"

गुरुजींचा चेहरा उतरला. राग होता, पण त्याहून जास्त भीती होती. दुपारी साहेबांसमोर पोरांनी हेच म्हटलं तर? त्यांनी छगनला बाजूला घेतलं, आप्पासाहेबांनाही बोलावलं.

"हे बघा, साहेबांसमोर ही असली ओरड चालणार नाही. शेण काय, मास्तर काय. मुलं स्वागतगीत म्हणतील, तुम्ही गुपचूप चालायचं."

"गुरुजी, हाक दिल्याबिगर डोली चालत न्हाई," छगन म्हणाला.

"का चालत नाही? मागच्याला डोळे नाहीत का?"

छगननं मागं बघितलं. आसाराम थोड्या अंतरावर दांडीला हात लावून उभा होता. त्यानं मान वळवली नाही, पण तो ऐकत होता.

"हायेत की," छगन म्हणाला.

"मग झालं तर."

आप्पासाहेबांनी घड्याळाकडं बघितलं. "गुरुजी म्हणतात तसं कर रे बाबा. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

खरं सांगायची ती वेळ होती, आणि छगननं ती जाऊ दिली. त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे ज्यानं त्यानं आपापल्या भाकरीकडं बघून ठरवावं.

दुपारी दोघं कोळशाच्या मोटारीच्या सावलीत बसले होते. छगननं सांगितलं, "दांडीला हिसका देईन. वर हिसका म्हंजी पाय उचल. खाली म्हंजी थांब. डावीउजवी तर दांडीच सांगती."

"दांडी सांगंल तेवढं सांगंल," आसाराम म्हणाला. "पर समदं न्हाई सांगायची छगन्या."

"आरं, रोजचंच अंगन हाय. झोपंत चालशील."

"झोपंत चालायला लागलो तर तुजी काय गरज?"

"मग राहू दे? सांगू का जाऊन मालकाला?"

आसारामनं नाक वर केलं. तिकडं चुलाणावर लापशीचा वास सुटला होता. "नगं," तो म्हणाला. "बारीक आवाजात तरी दे. माजा कान हाय."

"देतो."

अंगण मात्र रोजचं राहिलं नव्हतं. साहेबांच्या हातून काहीतरी झालं पाहिजे, म्हणून आप्पासाहेबांनी झाड लावायचं ठरवलं होतं. जिथं माणसांना प्यायला टँकर येत होता तिथं कडुलिंबाचं रोप आणि त्याच्यासाठी वेगळं राखलेलं बादलीभर पाणी, असा थाट होता. साहेबांसाठी घातलेल्या मांडवाच्या तोंडाशी सकाळपासून पहारीनं खड्डा खणला होता. जमीन इतकी कठीण, की खणणारा गडी दोनदा बसला. छगननं तो खड्डा पाहिला होता. पण डोली तिकडं जायचीच नव्हती. ती नेहमीसारखी टांग्याला वळसा घालून मागं फिरणार होती.

ते बदललं गुरुजींनी. त्यांना ऐन वेळी सुचलं, की नवरी डोलीतून थेट साहेबांपुढं उतरावी आणि तिनं साहेबांच्या हाती रोप द्यावं. कल्पना चांगलीच होती. साहेबांची जीप फाटकात शिरली, दांडी खांद्यावर चढली, आणि गुरुजी छगनच्या कानाशी येऊन म्हणाले, "वळायचं नाही. सरळ साहेबांपर्यंत आणा."

"तिकडं..." छगन म्हणाला, पण गुरुजी हात वर करून गीताला सुरुवात करून मोकळेही झाले होते.

पोरांनी वाटेच्या दोन्ही बाजूंनी रांगा केल्या होत्या. लापशी अजून मिळाली नव्हती, पण गीत संपल्यावर लगेच मिळेल असं गुरुजींनी कबूल केलं होतं, म्हणून पोरं जीव तोडून गात होती. डोली निघाली. बद्रुन्निसा आसारामकडं तोंड करून बसली होती, हातात रोप. थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "चाचा, तुमच्या नाकावर माशी बसलीय."

"बसू दे. हात मोकळा न्हाई."

"डोळ्यावर आली. तुम्ही डोळा मिटत का नाही?"

आसारामनं डोळा मिटला, पण उशिरा. बद्रुन्निसानं माशीकडं बघितलं, त्याच्या डोळ्यांकडं बघितलं, आणि हातातलं रोप हळूच उजवीकडं नेलं, डावीकडं नेलं. डोळे हलले नाहीत.

"चाचा, तुम्हाला..."

"कुनाला सांगू नगंस माय."

"नाही सांगणार," ती म्हणाली.

मांडव जवळ आला. पुढच्या रांगेतली पोरं साहेबांना बघायला वाटेत सरकली होती. ती बाजूला झाली आणि छगनला एकदम पायाशी खड्डा दिसला. पाऊल आखडून तो डावीकडून निघाला, दांडीला त्यानं खाली हिसका दिला, पण तो डोलीच्या झोक्यातच विरला. हाकही दिली. दिली हे खरं. "खड्डा!" म्हणून तो ओरडला. पण गीताचं शेवटचं कडवं आलं होतं, आणि शेवटच्या कडव्याला आवाज चढवायचा हे गुरुजींनी पोरांकडून आठवडाभर घोटून घेतलं होतं.

आसारामनं कान पुढं केला. "काय म्हनला?" त्यानं डोलीतल्या पोरीला विचारलं. "काय म्हनला त्यो?"

"कोण?" बद्रुन्निसा म्हणाली. तिचं तोंड माहेराकडं होतं.

आसारामचा उजवा पाय खड्ड्यात गेला.

बघणाऱ्यांना पहिल्यांदा वाटलं, भोई मुजरा करायला खाली वाकला. कारण डोली पडली नाही. ती मागून खचली, झोका खाऊन जमिनीच्या वितभर वर थांबली. आसाराम एका पायानं खड्ड्यात, दुसऱ्या गुडघ्यावर कडेला, आणि दांडी त्यानं दोन्ही हातांनी खांद्याच्या वर धरलेली. मानेच्या शिरा दोरासारख्या तटतटल्या होत्या. भोयांच्यात एक रीत आहे: डोलीत माणूस बसलेलं असताना डोली वाटेत भुईला टेकवायची नाही. टेकली तर त्या खांद्यावर पुन्हा कुणी आपली लेक देत नाही. ती रीत आता कोण विचारत होतं? पण खांद्याला ती माहीत होती.

गीत मध्येच तुटलं.

"पोर उतरवा," आसाराम म्हणाला. "आधी पोर उतरवा."

गुरुजीच सगळ्यात जवळ होते. त्यांनी धावत जाऊन बद्रुन्निसाला उचलून बाहेर काढलं. ती आसारामच्या अगदी समोर उभी राहिली, हातभर अंतरावर, रोप छातीशी धरून. आसाराम तिच्याकडं तोंड करून होता आणि दांडी त्यानं अजून सोडली नव्हती.

"उतरली का?" तो ओरडला. "छगन्या, पोर उतरली का?"

तेव्हा सगळ्यांना कळलं. एकदम आणि कुणी न सांगता. साहेबांनी टोपी काढली, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नसावं. आप्पासाहेब छगनकडं बघत राहिले. गुरुजी कुणाकडंच बघत नव्हते; सकाळी आपण काय विचारलं होतं ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं.

"उतरलीय, चाचा," बद्रुन्निसा म्हणाली. "मी टेकले नाही."

मग आसारामनं दांडी सोडली.

पाय गुडघ्याखाली मोडला होता. ज्या मालमोटारीनं पोरं आली तिनंच त्याला दवाखान्यात नेलं. छगन हौद्यात त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मोटार निघताना आप्पासाहेब एवढंच म्हणाले, "मला सांगायला नको होतं का रे?"

छगननं दादाचं डोकं नीट धरलं. सांगितलं असतं तर मालकांनी काय केलं असतं, हे मालकांनाही माहीत होतं, म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मागं कार्यक्रम थोडक्यात आटोपला. दुसरा खड्डा खणायला वेळ नव्हता आणि जमीन तर दगडाची, म्हणून साहेबांनी रोप त्याच खड्ड्यात लावलं. भाषण केलं नाही. पोरांना लापशी मिळाली आणि पोरांनी ती खाल्ली. भुकेला दुखवटा पाळता येत नाही. बद्रुन्निसानं आपल्या वाटणीतली थोडी पानात बांधून ठेवली, चाचा परत आला की द्यायला. मोटार अंधार पडल्यावर आली ती रिकामी.

त्या उन्हाळ्यात डोली लोखंडी घडवंचीवर चढली. भोवती दोर आला, 'हात लावू नये' अशी पाटी आली. आप्पासाहेबांनी छगनला निरोप दिला, की तू एकटा राहायला ये, राखणीला माणूस लागतोच. छगन गेला नाही. तो रस्त्याच्या कामावर खडी फोडू लागला आणि एकाच्या कमाईत सगळं घर चालवू लागला.

जूनमध्ये गुरुजींची खर्ड्याला बदली झाली. साहेबांनी केली की आपोआप झाली, कोण जाणे. अहवाल त्यांनी लिहिला होता, पण सभेत वाचला नाही. घसा बसलाय म्हणाले. पाऊस त्या साली बरा झाला. श्रावणात ते बायकोला म्हणाले, "नेवाशाला ज्ञानोबांच्या खांबाचं दर्शन घेऊन येतो," आणि एस.टी.त बसले. खांबाचं दर्शन त्यांनी घेतलं, खोटं कशाला बोला. मग विचारत विचारत भोयांच्या वस्तीवर गेले.

घर नदीच्या अंगाला होतं, बुटकं. दार उघडं होतं. आत बाजेवर आसाराम बसला होता, एक पाय काठीसारखा सरळ पुढं. हाड जुळलं होतं, पण गुडघा वाकत नव्हता. बोटांनी चाचपत तो जाळं विणत होता. गुरुजी दारात उभे राहिले. शाळेत ज्यांचा आवाज तीन वर्गांत ऐकू जायचा, त्यांच्या तोंडून आवाज फुटेना.

"कोन हाय?" आसारामनं विचारलं.

गुरुजींनी चपला काढल्या.

"वस्तीवरलं समदं लांबूनच हाक देत येतंय. गप आलं म्हंजी परगावचं मानूस," आसाराम म्हणाला. "चौकट बुटकी हाय, वाका. उंबऱ्याला खिळा हाय, पाय उचला."

गुरुजी वाकले, पाय उचलला, आत आले. खाली पोत्यावर बसले आणि मगच नाव सांगितलं.

"गुरुजी व्हय!" आसारामची सुई थांबली. "ती पोर बरी हाय का?"

"बरी आहे. तुमची आठवण काढायची. मी आता खर्ड्याला असतो."

"टेकली न्हाई ना ती?"

"नाही. टेकली नाही." गुरुजींनी पायजम्याची घडी सारखी केली. "आसाराम, माझं चुकलं."

"छगननं हाक दिल्ती," आसाराम म्हणाला. जणू त्याला वेगळंच काही सांगायचं होतं आणि त्यासाठी माणूस हवा होता. "दिल्ती त्यानं. मलाच ऐकू आली न्हाई. मी त्याला रोज सांगतो. पर तवापासनं त्यो हाक देत न्हाई, गुरुजी. हाताला धरून न्हेतो, नदीवर न्हेतो, समदं करतो. पर बोलत न्हाई. लहान पोराला न्यावं तसं न्हेतो मला." जाळ्यातून सुई आरपार गेली. "तुमी सांगून बघा. तुमचं ऐकलं हुतं त्यानं."

हे टोचून बोलणं नव्हतं. असतं तर गुरुजींना सोपं गेलं असतं.

छगन आला तो डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन. गुरुजींना बघून त्यानं मोळी टाकली आणि दाराशीच उभा राहिला.

"छगन," गुरुजी म्हणाले, "हाक देत जा त्यांना."

"तुमीच नगं म्हनला हुता."

"म्हणालो होतो. पण तू खरं का नाही सांगितलंस मला?"

"सांगितलं असतं तर ठिवलं असतं का दादाला?" छगन म्हणाला. "मालकानं? तुमी?"

गुरुजींनी उत्तर शोधलं. प्रामाणिकपणे शोधलं, आणि ते जे सापडलं ते बोलण्यासारखं नव्हतं. छगनच्या बायकोनं, साळूबाईनं, काळा चहा दिला तो त्यांनी घेतला. खिशात आणलेलं काहीतरी त्यांनी चाचपलं आणि तसंच राहू दिलं. मग निरोप घेऊन उठले. मनात इतकं काही चाललं होतं, की आपण कुठल्या घरातून बाहेर पडतोय ह्याचं त्यांना भान नव्हतं. ताठ मानेनं ते दाराकडं निघाले.

छगन चौकटीशी उभा होता. त्यानं वरच्या लाकडाकडं बघितलं, गुरुजींच्या कपाळाकडं बघितलं. बोलावं की न बोलावं, एवढा एकाच पावलाचा वेळ होता.

"चौकट," तो म्हणाला. हाकेचा आवाज खरखरीत, बरेच दिवस न वापरलेला. "चौकट हाय, मास्तर."

गुरुजी वाकले. मागं बाजेवर सुई थांबली होती. "आन् उंबरा!" आसाराम आतून मोठ्यानं म्हणाला. "उंबरा बी सांग की त्यास्नी!"

आता बाकी काढू. गुरुजींना खर्डा मिळालं आणि त्यांच्या बायकोला माहेर. साहेबांना त्यांच्या नावाचं झाड मिळालं, आणि ते जगलंही. आप्पासाहेबांच्या संग्रहालयात एक पाटी वाढली, शाळा येत राहिल्या. पोरांनी एकदा पोटभर खाल्लं. बद्रुन्निसा भुईला टेकली नाही. छगनच्या घशात हाक परत आली, उशिरा आली, पण आली.

दिलं ते आसारामनं. एक पाय, आणि ज्या एका जागी त्याला कुणी आंधळा म्हणू शकत नव्हतं, ती जागा: डोलीच्या मागच्या खांद्याची.